पवनचक्कीचा डेटा दुसऱ्याला देताय? फाइलच्या आधी चिठ्ठी लिहा

नागपुरात बसून पवनचक्कीचं काम करतो म्हटलं की लोक हसतात, इथं मे महिन्यात हवा फक्त कूलरची. खरंच आहे, पंखे तिकडे सातारा, सांगली, धुळ्याकडे. पण त्यांचा डेटा कुठूनही बघता येतो आणि आमचं काम तेच, दुसऱ्याने पाठवलेल्या फाइली उघडायच्या आणि डोकं धरून बसायचं. म्हणून ज्यांना आपल्या साइटचा स्काडा डेटा (टर्बाइनवरचे सेन्सर सतत नोंदवत असतात ते आकडे) कॉलेजला, कन्सल्टंटला नाहीतर दुसऱ्या टीमला द्यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. चिठ्ठी म्हणजे फाइलसोबत जाणारी, आत काय आहे ते सांगणारी नोंद.

सगळ्यात आधी परवानगी. पंखा मालकाचा असला तरी डेटा कोणाला दाखवायचा हे बऱ्याचदा टर्बाइन कंपनीसोबतच्या मेंटेनन्स करारात अडकलेलं असतं, ते वाचा, होकार मेलवर घ्या, फोनवरचा चालत नाही. झालं.

आता एक्सेल. स्काडा साधारण दर 10 मिनिटांची सरासरी ठेवतं, म्हणजे दिवसाला 144 ओळी, वर्षाला 52,560. आता 20 टर्बाइन एकाखाली एक लावा, 10,51,200 होतात, आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये मावतात 10,48,576. एका साइटवरून आम्हाला अशीच फाइल आली, कोणीतरी उघडून, हेडिंग रंगवून, सेव्ह करून पाठवलेली. विसाव्या टर्बाइनचे शेवटचे 18 दिवस गायब, आणि आम्ही दोन दिवस ती मशीन बंद काऊन होती याचं कारण शोधत बसलो. तेव्हा सर्व्हरमधून निघालेली सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) तशीच द्या, दर टर्बाइनची वेगळी, आणि एक्सेलमध्ये बघायचीच असेल तर कॉपी करून बघा. एक्सेल 04/05 चा 5 एप्रिलही करून टाकतं, म्हणून तारीख 2023-05-04 अशीच लिहा.

वेळेचं तर विचारूच नका. चिठ्ठीत दोन गोष्टी हव्याच: घड्याळ आयएसटी (भारतीय वेळ) की यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ), आणि 10:10 लिहिलंय म्हणजे 10:00 ते 10:10 ची सरासरी की 10:10 ते 10:20 ची. ईआरए5 या युरोपातल्या हवामान डेटासेटचा वाऱ्याचा डेटा यूटीसीत आणि तासातासाचा असतो, आपण साडेपाच तास पुढे, तो वरचा अर्धा तास हमखास घोळ घालतो. त्यात आपल्या ग्रिडचं शेड्यूलिंग, म्हणजे कोण किती वीज देणार याचं वेळापत्रक, 15 मिनिटांच्या ब्लॉकवर, दिवसाचे 96 ब्लॉक, आणि स्काडा 10 मिनिटांचा, दोन्ही जुळवायचं तर थेट अर्ध्या तासावर जावं लागतं. उगाच मधले आकडे ओढूनताणून बनवू नका.

मग टॅगची, म्हणजे स्काडातल्या प्रत्येक मापाच्या नावाची, यादी. वाऱ्याच्या वेगाला प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, त्यासाठीच आयईसी 61400-25 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण जुन्या साइटवर ते मिळेलच असं नाही. नसेल तर एक साधा तक्ता करा: टॅग, अर्थ, युनिट, आणि आकडा सरासरी की त्या क्षणाचा. वारा नॅसेलच्या (टॉवरवरच्या डब्याच्या) ॲनिमोमीटरचा, म्हणजे वारा मोजायच्या यंत्राचा, की मास्टचा (साइटवरच्या वेगळ्या मोजणीच्या खांबाचा) तेही लिहा, कारण नॅसेलवरचा पात्यांच्या मागे बसतो आणि तिथं वारा बिघडलेला असतो.

रिकाम्या जागी शून्य भरू नका, हात जोडतो. शून्य म्हणजे वारा नव्हता, रिकामं म्हणजे माहिती नाही. निगेटिव्ह पॉवरही उडवू नका, बंद पंखा स्वतःसाठी ग्रिडमधून वीज ओढतो तेव्हा तसंच दिसतं. अलार्म आणि स्टेटसची फाइल सोबत द्याच, नाहीतर लोड डिस्पॅचच्या (ग्रिड सांभाळणाऱ्या केंद्राच्या) सांगण्यावरून उत्पादन कमी केलेलं असतं आणि समोरचा समजतो मशीन खराब.

साइटचं नाव लपवायचं असेल तर कोऑर्डिनेट काढा, पॉवर मेगावॅटऐवजी रेटेड क्षमतेच्या टक्क्यात द्या. पण तापमान काढू नका, हवेचा दाबही असेल तर राहू द्या! पॉवर कर्व्ह, म्हणजे किती वाऱ्यात मशीन किती वीज देईल याचा आलेख, सहसा 1.225 किलो प्रति घनमीटर हवेच्या घनतेचा असतो. आपल्या नागपूरच्या उंचीवर, साधारण 310 मीटर, 45 डिग्रीत घनता 1.06 च्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात ताकद 13 टक्के कमी. तापमानाचा कॉलम नसेल तर हा सगळा दोष मशीनच्या माथी.

नमुना बघायचा तर झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या वेबसाइटवर इंग्लंडच्या केल्मार्श विंड फार्मचा डेटा फुकट आहे, सहा टर्बाइन, सेन्व्हियन एमएम92, स्टेटसच्या फाइली वेगळ्या, लायसन्स स्पष्ट लिहिलेलं. आपल्याकडे असं उघडं फारच कमी, ते रडगाणं वेगळं.

शेवटी फाइल आणि चिठ्ठी अशा माणसाला द्या ज्याने ती साइट बघितली नाही, त्याला सांगा पॉवर कर्व्ह काढ, आणि मला फोन करू नको. तरी तो करतोच. आमच्या ज्युनियरचा पहिला प्रश्न आला, दादा, हा पिच अँगल 90 च्या जवळ काऊन अडकला आहे? अरे तो पात्यांचा कोन, पंखा थांबवला की पाती तशी फिरवून ठेवतात. चिठ्ठीत ही ओळ वाढवली आणि फाइल परत त्यालाच पाठवली.