जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतलात? विजेच्या आणि मैल्याच्या टाकीच्या या चुका टाळा

अमेरिकेत किंवा कॅनडात जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, पाहायला जाणारी माणसे छत गळते का, टायर किती जुने आहेत आणि गाद्या बऱ्या आहेत का, एवढे पाहून व्यवहार उरकतात. वीज आणि टाक्या या दोन गोष्टी विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर सोडल्या जातात. त्यानंतरच्या पहिल्याच सहलीत होणारे बहुतेक नुकसान मात्र याच दोन ठिकाणी होते, आणि गेली कित्येक वर्षे मी तेच नुकसान त्याच कारणांनी होताना पाहत आलो आहे. ट्रेलर घरी आणल्यावर पहिल्या सहलीआधी एक पूर्ण दिवस हातात मल्टिमीटर आणि पाण्याचा पाइप घेऊन त्याच्यासोबत घालवा, असे मी प्रत्येकाला सांगतो. ज्यांना हा एक दिवस जास्त वाटतो, त्यांचेच फोन मला सहलीच्या मध्यरात्री येतात.

३० अँपिअर म्हणजे २४० व्होल्ट नव्हे

माझ्या दृष्टीने ही सर्वांत महागडी चूक आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ट्रेलर घरी उभा करण्यासाठी गॅरेजच्या भिंतीवर ३० अँपिअरचे सॉकेट बसवून घेतले. काम करणारा इलेक्ट्रिशियन अनुभवी होता, पण त्याचा सगळा अनुभव घरांच्या वायरिंगचा होता, आणि घरात ३० अँपिअर म्हटले की बहुधा कपडे वाळवण्याचे यंत्र, म्हणजेच २४० व्होल्ट. सॉकेट त्याने ट्रेलरसाठीचे, अगदी योग्य आकाराचे आणले. त्याच्या मागे मात्र एक फेज आणि एक न्यूट्रल जोडण्याऐवजी दोन फेज जोडले. गृहस्थांनी प्लग लावला, आतून एक बारीकसा आवाज आला, मायक्रोवेव्हचा डिस्प्ले विझला आणि काही क्षणांत पलंगाखालून जळका वास येऊ लागला. मी पोचलो तेव्हा सॉकेटवर मीटर २४० च्या आसपास दाखवत होता. कन्व्हर्टर (१२० व्होल्टवरून १२ व्होल्ट तयार करणारे उपकरण), मायक्रोवेव्ह आणि त्या वेळी जोडलेला टीव्ही अशा तिन्ही वस्तू निकामी झाल्या होत्या, आणि हे सारे दोन मिनिटांच्या मोजणीने टळले असते.

यातले तत्त्व समजून घ्या. ट्रेलरचे तीन पात्यांचे ३० अँपिअरचे सॉकेट १२० व्होल्टचे असते: एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. मोठ्या ट्रेलरसाठीच्या चार पात्यांच्या ५० अँपिअरच्या सॉकेटमध्ये दोन फेज असतात आणि त्या दोहोंमध्ये २४० व्होल्ट मिळतात हे खरे, परंतु तिथे न्यूट्रल वेगळा असल्यामुळे ट्रेलरमधल्या प्रत्येक उपकरणाला १२० व्होल्टच पोचतात. "मोठ्या ट्रेलरला २४० चालते, मग आपल्याला का नाही?" या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावताना "३० अँपिअरचे सॉकेट" असे न म्हणता "१२० व्होल्टचे, एकाच फेजचे, ट्रेलरसाठीचे सॉकेट" असे म्हणा, आणि तो गेल्यावर स्वतः मोजा.

कॅम्पग्राउंडवर ट्रेलरला वीज देणाऱ्या खांबावरही मी न मोजता कधी प्लग लावत नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज व न्यूट्रल यांच्यात सुमारे १२०, फेज व अर्थिंग यांच्यातही तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. चालू सॉकेटमध्ये टोके घालण्याची सवय किंवा धीर नसेल, तर हे काम करणारे ईएमएस, म्हणजे येणारी वीज तपासणारे उपकरण, घ्या. साधा सर्ज प्रोटेक्टर केवळ अचानक उसळलेला विजेचा दाब झेलतो. चुकीचे वायरिंग, तुटलेला न्यूट्रल किंवा सतत कमी असलेला दाब यांपासून तो वाचवत नाही, तर ईएमएस अशा वेळी वीजच तोडतो. जुन्या ट्रेलरवर मी यात काटकसर करू देत नाही. खांबावरचा ब्रेकर बंद करूनच प्लग लावावा आणि काढावा. ट्रेलरच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर ती "थोडीशी वीज" समजून सोडून देऊ नका. अर्थिंग तुटल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी ट्रेलरला पुन्हा हात न लावता आधी खांबावरचा ब्रेकर बंद करा.

बॅटरीचा काळा वायर

मोटारीची सवय असलेले लोक इथे हमखास फसतात. मोटारीत काळा वायर ऋण असतो, तर ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये बहुधा काळा धन आणि पांढरा ऋण असतो. नवी बॅटरी आणली, काळा वायर ऋण टोकाला लावला, ठिणगी उडाली आणि सारे दिवे गेले, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की पुढचा प्रश्न विचारण्याची गरजच पडत नाही. कन्व्हर्टरवर उलट जोडणीसाठीचे फ्यूज असतात आणि नशीब बरे असेल तर तेवढेच जातात. जुनी बॅटरी काढण्याआधी छायाचित्र घ्या आणि धन वायरवर लाल पट्टी बांधा.

खांबाला जोडले की १२ व्होल्टशी संबंध संपला, हाही गैरसमज आहे. दिवे, पाण्याचा पंप, ट्रेलर उबदार ठेवणाऱ्या गॅसभट्टीचा पंखा, गॅसगळतीचा डिटेक्टर आणि गॅसवर चालवला तरी फ्रिजचे नियंत्रण हे सारे १२ व्होल्टवर चालते. कन्व्हर्टर १२० व्होल्टवरून हे १२ व्होल्ट तयार करतो आणि बॅटरीही चार्ज करतो. त्यामुळे माझी तपासणी अशी असते: ट्रेलर कशालाही न जोडता काही तास विसावलेल्या साध्या बॅटरीवर १२.६ किंवा अधिक व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.१ च्या जवळ आली तर निम्मी संपली आहे, आणि १२ च्या खाली तिला नेऊ नये. मग प्लग लावून पुन्हा मोजावे. आकडा १३.२ ते १४.४ च्या दरम्यान गेला, तर कन्व्हर्टर काम करतो आहे. जागचा हलला नाही, तर आधी ब्रेकर आणि ते उलट जोडणीचे फ्यूज पाहा, आणि त्यानंतरच नवा कन्व्हर्टर घेण्याचा विचार करा.

रिकाम्या हीटरचे बटण

हिवाळ्यासाठी बंद करून ठेवलेल्या ट्रेलरमध्ये पाण्याच्या हीटरला बगल देणारे बायपास व्हॉल्व्ह फिरवलेले असतात आणि हीटरची टाकी कोरडी असते. नवा मालक उत्साहाने सगळी बटणे दाबून पाहतो, त्यात हीटरचेही विजेचे बटण असते, आणि आतले विद्युत एलिमेंट कोरडे तापून थोड्याच वेळात जळते. बायपास पूर्ववत करा, पाणी भरा, गरम पाण्याच्या नळातून हवा संपून एकसंध धार येऊ द्या, आणि मगच ते बटण दाबा. ही घाई मला कधीच समजलेली नाही.

३० अँपिअर गुणिले १२० म्हणजे ३,६०० वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेवरचा हीटर एकाच वेळी चालणार नाहीत. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून एसी चालवू नका, आणि बागेतल्या दिव्यांसाठी आणलेली बारीक एक्स्टेन्शन ट्रेलरला वापरू नका.

मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणे

सांडपाण्याच्या जोडणीची जागा मिळाली की ब्लॅक टँकचा, म्हणजे शौचालयाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, म्हणजे ती रिकामी करण्याची कटकट नको, ही युक्ती नवख्यांना फार हुशारीची वाटते. माझा सध्याचा ट्रेलर मी अशाच युक्तीसकट विकत घेतला. आधीच्या मालकांनी तो काही उन्हाळे एकाच जागी उभा ठेवला होता, पाइप कायम जोडलेला होता आणि टाकी रिकामी असल्याचे त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितले, कारण त्यांचा तसा खरोखर समज होता. टाकी किती भरली ते दाखवणारे पॅनेलवरचे दिवे मात्र नेहमी दोन तृतीयांश दाखवत होते, आणि "सेन्सर खराब आहे" हे स्पष्टीकरण मी मान्य केले, ते मी करायला नको होते. पहिल्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी शौचालयातले पाणी खाली जाईना. विजेरी धरून पाहिले तेव्हा नळीच्या नेमके खाली एक घट्ट ढिगारा तयार झालेला होता.

टाकीचा तळ जवळजवळ सपाट असतो आणि बाहेर जाण्याचा मार्ग ३ इंचांचा असतो. व्हॉल्व्ह उघडा असला की प्रत्येक वेळचे पाणी लगेच वाहून जाते, घन भाग जागीच राहतो आणि वाळत जातो. टाकी साफ होते ती एकदम सुटणाऱ्या मोठ्या लोंढ्यामुळे, आणि उघड्या व्हॉल्व्हला लोंढा कधीच मिळत नाही. ढिगारा मोडायला मला नऊ दिवस लागले. ट्रेलर घरी आणून टाकीत नळाचे गरम पाणी भरायचे, रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी शौचालयातून लवचिक नळीने जोराचा फवारा ढिगाऱ्यावर मारायचा, मग थोडे पाणी आत ठेवून खडबडीत रस्त्यावरून ट्रेलर फिरवायचा, अधिकृत डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या जागी, जे निघेल ते काढायचे आणि पुन्हा भरायचे. बर्फाचे तुकडे टाकून गाडी चालवली की टाकी घासून निघते असे सांगणारे बरेच भेटतात. मला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. पाणी, वेळ आणि चिकाटी यांनीच काम झाले.

तेव्हापासूनची माझी पद्धत ठरलेली आहे. व्हॉल्व्ह बंदच असतो. टाकी किमान दोन तृतीयांश भरल्याशिवाय रिकामी करत नाही, आणि जाण्याची वेळ आधी आलीच तर साधे पाणी ओतून ती भरतो. आधी ब्लॅक टँक, नंतर बेसिन व न्हाणीच्या सांडपाण्याची ग्रे टँक, म्हणजे दुसरीच्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. त्यासाठी ग्रे टँकचा व्हॉल्व्हही बंदच ठेवलेला असला पाहिजे. शेवटी ब्लॅक टँकमध्ये एक-दोन गॅलन पाणी परत सोडतो, कारण कोरड्या तळावर पहिलाच वापर होऊ देणे म्हणजे नव्या ढिगाऱ्याचा पाया घालणे आहे. पाणी वाचवण्यासाठी शौचालयात जेमतेम घोटभर पाणी सोडणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो की काटकसर भांडी घासताना करा, इथे नको. पॅनेलच्या दिव्यांवर माझा भरवसा नाही. सेन्सरवर कागदाचा तुकडा चिकटला तरी ते चुकतात. कितीदा पाणी सोडले याचा अंदाज आणि विजेरी पुरेशी आहे.

टाकीला धुण्यासाठीचे फ्लशचे तोंड असेल, तर व्हॉल्व्ह बंद ठेवून पाणी चालू असताना तिथून एक पाऊलही हलू नये, कारण भरलेली टाकी शौचालयातून किंवा छतावरच्या वायुनळीतून वर येते. ओले पुसण्याचे कागद, वेष्टनावर काहीही लिहिलेले असले तरी, टाकीत टाकू नयेत. पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि धुण्याचा पाइप वेगळ्या रंगाचे व वेगळ्या कप्प्यात असावेत. हातमोजे घालणे ऐच्छिक नाही. ३० गॅलनची भरलेली टाकी २५० पौंडांची होते, तेव्हा ती घेऊन लांबचा प्रवास करू नका. हिवाळ्यासाठी नळांत मोटारीचे अँटिफ्रीझ कधीही घालू नये, ते विषारी असते. ट्रेलरसाठीचे गुलाबी मिळते तेच वापरावे.

निकासीच्या तोंडावरचे झाकण काढताना खाली बादली ठेवा, आणि शक्य तर व्यवहाराआधीच ते उघडून पाहा. झाकणामागे पाणी साचलेले असेल, तर व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत. चार बोल्ट काढून सील बदलता येतात. वर आणखी एक व्हॉल्व्ह चढवून गळती झाकणारे लोक आतले बिघडलेले सील तसेच ठेवतात, आणि पुढच्या मालकाला तो मैला हातावर घ्यावा लागतो.

वास येत असेल तर सुगंधी रसायनाच्या आधी शौचालयाच्या भांड्यातले पाणी टिकते का ते पाहा. ते हळूहळू उतरत असेल, तर तळाचे रबरी सील स्वच्छ करा किंवा बदला. भांडे ठीक असेल, तर बेसिनखालचा हवा आत घेणारा छोटा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह हाताने फिरवून काढा. त्यातला रबरी पडदा अडकला की सांडपाण्याचा वास थेट स्वयंपाकघरात येतो, आणि तो व्हॉल्व्ह बदलायला पाच मिनिटे लागतात.