ओव्हन नसला तरी नानकटाई होते, फक्त तुपाकडे नीट लक्ष द्या

नानकटाईसाठी ओव्हन हवाच असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिथेच गाडी अडते. खरं तर आपल्याकडे ती घरी भाजायची पद्धत फारशी नव्हतीच, दिवाळीच्या आधी मैदा तूप साखर डब्यात भरून लोक बेकरीत जायचे आणि तिथल्या भट्टीतून भाजून आणायचे. पण जाड बुडाची कढई आणि घट्ट बसणारं झाकण असेल तर घरीसुद्धा मस्त जमते. भाजणं दुय्यम आहे, निम्म्याहून जास्त काम तूप फेटण्यात आहे.

तूप पातळ नको आणि फ्रीजमधलं दगडासारखंही नको, रवाळ थिजलेलं, बोट दाबलं तर आत जाईल असं हवं. मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात तूप पातळच असतं, तर वाटी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा आणि मधे मधे ढवळत राहा म्हणजे सगळीकडून सारखं थिजतं. थंडीत उलट, तासभर आधी ओट्यावर काढून ठेवा.

प्रमाण, साधारण २० नगांसाठी: तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २ टेबलस्पून, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, मीठ चिमूटभर, वेलची आणि जायफळ आवडीप्रमाणे. शक्यतो वजनकाट्यावर मोजा, कारण वाटी दाबून भरली तर तिच्यात मैदा बराच जास्त बसतो आणि मग नानकटाई कोरडी का झाली ते कळत नाही. बेसन भाजून घ्यायची गरज नाही, आत भाजलं जातंच, पण ते वगळू नका, खमंगपणा त्याचाच असतो. बेकिंग पावडर जुनी असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, लगेच फसफसली तर चांगली आहे.

आता तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने फेटायचं, करंजीचा साटा फेटतो तसंच, पिवळेपणा जाऊन पांढरं आणि हलकं होईपर्यंत. हाताने १० मिनिटं सहज लागतात, बीटर असेल तर ३-४ मिनिटांत होतं. या फेटण्यात हवा अडकते आणि तीच पुढे नानकटाई खुसखुशीत करते, म्हणून इथे घाई करू नका प्लीज.

मग सगळी पिठं, बेकिंग पावडर, मीठ एकत्र चाळून त्यात घाला आणि बोटांनी फक्त गोळा करा. मळायचं नाही! मळलं की मैद्याला चिवटपणा येतो. पाणी तर अजिबात नको, गोळा फुटतच असेल तर अजून एक चमचा तूप घाला. आता गोळा २० मिनिटं फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात ही पायरी सोडली तर तूप वितळून नानकटाई ताटलीत पसरते.

कढईत तळाला स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. काहीजण कुकर वापरतात, शिट्टी आणि रिंग काढून, पण कोरडा कुकर इतका वेळ तापवणं मला पटत नाही, जाड कढईच बरी. तोवर लिंबाएवढे गोळे करून हलकेच दाबा, वर पिस्त्याचा काप लावा आणि ताटलीत लांब लांब ठेवा कारण त्या फुलतात. ताटली स्टँडवर ठेवून आच अगदी बारीक करा, २० ते २५ मिनिटं. पहिली १५ मिनिटं झाकण उघडू नका. खालून लवकर लाल होत असेल तर ताटलीखाली आणखी एक ताटली सरकवा. ओटीजी असेल तर आधी तापवून १७० डिग्रीवर १५ ते १८ मिनिटं पुरे.

झाली हे ओळखायचं कसं? वरून रंग येईपर्यंत थांबलात तर खालून करपलेली असते. कढईत वरचा रंग फिकाच राहतो, त्यामुळे एक अलगद उलटून तळ बघा, फिकट सोनेरी दिसला की गॅस बंद. हात लावला तर मऊ लागेल, कच्ची वाटेल, तरी परत भाजायला ठेवू नका, थंड होताना कडक होते. गरम असताना उचलली तर तुटते, म्हणून ताटलीतच १० मिनिटं राहू द्या.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट डब्यात भरा, कोमट भरली तर वाफ धरून मऊ पडते. पावसाळ्यात तशीही दमट होतेच, तेव्हा खायच्या आधी गरम केलेल्या कढईत ४-५ मिनिटं ठेवा आणि गार होऊ द्या, परत खुसखुशीत होते.