मुंबईत जिओकॅशिंग करताना या चुका टाळा

नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा अमेरिकेने २ मे २००० रोजी उठवली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनच्या जंगलात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग सुरू झाले: कोणीतरी लपवलेली डबी जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधायची आणि तिच्यातील लॉगबुकात, म्हणजे नोंदवहीत, आपली नोंद करायची. जंगलात सुरू झालेला हा खेळ मुंबईच्या दाटीत खेळताना डबी सापडली नाही, तर ती चोरीला गेली असा निष्कर्ष घाईने काढू नये. चूक पुष्कळदा शोधण्याच्या पद्धतीत असते.

काही वेळा ही चूक घरातच होते. जिओकॅशिंगमध्ये स्थाननिर्देश अंश आणि दशांश मिनिटांत देतात. १८ अंश ५५.५०० मिनिटे म्हणजे १८.९२५ अंश. नकाशात ते १८.५५५ असे भरले, तर खूण दक्षिण मुंबईऐवजी अलिबागच्याही दक्षिणेला जाते.

ओव्हल मैदानावर स्थिर असलेला फोनवरील दिशादर्शक बाण फोर्टच्या अरुंद गल्लीत शिरताच उड्या मारू लागतो, कारण उपग्रहांचे संकेत उंच भिंतींवर आपटून वळणे घेत फोनपर्यंत पोहोचतात. अशा वेळी बाणामागे धावू नये. जवळच्या मोकळ्या जागेवरून दिशा आणि अंतर ठरवून घ्यावे, शेवटच्या पंधरा-वीस मीटरांत फोन खिशात ठेवावा आणि डबी लपवणाऱ्याने दिलेल्या सूचनेतील शब्द पुन्हा वाचून डोळ्यांनी शोधावे. माझ्या मते या खेळाचा खरा आनंद इथेच आहे. राजाबाई टॉवरखालून मी अनेक वर्षे ये-जा केली होती. पण त्यावर पश्चिम भारतातील विविध समाजांचे पुतळे आहेत, हे अशाच एका शोधात मान वर केल्यावर प्रथम लक्षात आले.

सर्वांत गंभीर चूक मात्र सुरक्षेच्या बाबतीत होते. ज्या शहरात ११ जुलै २००६ रोजी लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि जिथे बेवारस वस्तूला हात लावू नका अशी सूचना प्रवासी नेहमी ऐकतात, तिथे पुलाच्या कठड्याखाली हात घालून चाचपडणाऱ्या माणसाचा संशय येणे स्वाभाविक आहे. रेल्वे स्थानकात, सरकारी इमारतीलगत किंवा प्रार्थनास्थळाजवळ डबी लपवू नये. इतरत्रही जागामालकाची परवानगी घ्यावी, पारदर्शक डबी वापरावी आणि तिच्यावर खेळाचे नाव मराठीत लिहावे. कोणी विचारले, तर लपवाछपवी न करता लॉगबुक दाखवून खेळ समजावून सांगावा. पहारेकऱ्याने मनाई केली, तर वाद न घालता निघून जावे.

पावसाळ्यात लॉगबुकचा लगदा होतो. रबरी कड असलेली घट्ट झाकणाची डबी आणि शाईऐवजी पेन्सिल वापरल्यास नोंदी टिकतात. किनाऱ्यावरील डबीसाठी निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकांवर उतरूच नये.

एवढे करूनही डबी मिळाली नाही, तर खेळाच्या संकेतस्थळावरील आधीच्या नोंदी पाहाव्यात. सलग तिघा-चौघांना ती सापडलेली नसेल, तर पदपथाच्या खोदकामात किंवा भिंतीच्या रंगकामात ती गेली असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी तिथे स्वतःची नवी डबी ठेवून शोध पूर्ण झाल्याची नोंद करू नये. न सापडल्याची नोंद करून मूळ डबी ठेवणाऱ्याला कळवावे.