पेडल स्टीलची चौथी तार जागेवर येईना

दादरच्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज चढायला निमित्त लागत नाही. माझ्या पेडल स्टीलवर (आडवी ठेवून वाजवायची गिटार, पेडल आणि लिव्हरने तारांचे सूर बदलणारी; माझी ई-नाईन जुळणीची, दहा तारांची) चौथी तार, म्हणजे ई सुराची, गुडघ्याच्या लिव्हरने एफपर्यंत चढवून सोडली की किंचित उतरलेली राही. डी-शार्पपर्यंत उतरवून सोडली की चढलेली. अशा वेळी खुंटी पिळून काय होणार? दोन्ही बाजूंना चुकतेय म्हणजे तार कुठेतरी अडकतेय. चेंजरचं बोट, म्हणजे दुसऱ्या टोकाला तार ताणणारा-सैल करणारा भाग, तर पूर्ण मागे येत होतं. मग तार काढून खुंट्यांकडच्या नटचा (तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात ती पट्टी) रोलर, म्हणजे त्या तारेखालची छोटी चाकी, सोडवला. खाचेत तांबूस कीट, पिन काळी. लायटर फ्लुइडने पुसलं, शिलाई मशीनच्या तेलाचा जेमतेम एक थेंब (जास्त झालं की धूळ धरते), आणि नवी तार. आता ई दोन्हीकडून ईवरच येते. उरलेले नऊ रोलर पावसाळा संपल्यावर बघू.