गावातल्या गल्लीत गाड्या लावाचं जमवाचं कसं
सोयाबीन निघालं का गल्लीत ट्रॅक्टर, ट्रॉली, थ्रेशर, अन् त्यात पुण्याहून दिवाळीले आलेल्या पोरायच्या कार, मंग १०८ ची गाडी आत येईन कुठून? म्हणून आधी टेप घेऊन रस्ता मोजा, नालीच्या काठापासून समोरच्या ओट्यापर्यंत, अन् मधात दहा फूट मोकळे ठेवाचेच, भरलेली ट्रॉली अन् ॲम्ब्युलन्स तेवढ्यात आरामात निघते. उरलं त्यात एकाच बाजूनं गाड्या लावा, दोन्हीकडून लावल्या का खेळ खल्लास. चुन्याच्या फक्कीनं लाइन मारून द्या, पाण्यानं धुतली का परत मारा. वळणावर, हापशीजवळ अन् लाइटीच्या डीपीखाली कोणीच नाई, सरपंचाची बोलेरो असली तरी नाई.

ट्रॉली रात्री गल्लीत ठेवूच नका, शाळेमागचं पटांगण नाईतर खळ्याची जागा पाहा, अन् खाली गोटे लावा, नाईतर उतारावरून घरंगळते.

ऐकतच नसन कोणी तर आधी घरी जाऊन चहा पेत बोला, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला का माणूस उलटा चिडते भाऊ. मंग ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात कलम ५३ रस्त्यावरच्या अडथळ्याचंच हाय. २६ जानेवारी, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घेतला तर अजून बरं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र दवंडी द्याच, बैलं निघाच्या रस्त्यावर एकबी गाडी नको.