व्यसनप्रतिबंध कार्यक्रमाचं मूल्यमापन करताना या चुका टाळा

व्याख्यान संपलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘खूप छान’ आलं आणि अहवालात ‘कार्यक्रम यशस्वी’ असं लिहून झालं. पहिली चूक इथेच होते. कार्यक्रम आवडणं वेगळं आणि त्याने व्यसन टळणं वेगळं. माहितीचंही तसंच. तंबाखूने कॅन्सर होतो हे तंबाखू खाणाऱ्यालाही पाठ असतं! त्यापेक्षा गेल्या ३० दिवसांत काय घेतलं, पहिल्यांदा कोणत्या वयात घेतलं, हे विचारा.

अमेरिकेतला ‘डेअर’ हा शाळांमधला व्यसनप्रतिबंध कार्यक्रम १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन शिकवायचे आणि कार्यक्रम कमालीचा लोकप्रिय होता. १९९४ मध्ये त्यावरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, तेव्हा प्रत्यक्ष वापरावरचा परिणाम अगदीच किरकोळ निघाला.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: तुलना गटच नसणं. किशोरवयात वापर वयाबरोबर वाढतोच. समजा, तुमच्या शाळांत दोन वर्षांत प्रमाण ५ टक्क्यांवरून ९ वर गेलं. अपयश? कार्यक्रम न झालेल्या, तशाच शाळांत ते ५ वरून १४ झालं असेल तर नाही. मात्र शाळा चिठ्ठ्या टाकून निवडा. उत्साही मुख्याध्यापकांच्या शाळा एका बाजूला आणि उरलेल्या दुसऱ्या बाजूला, ही तुलना नव्हे. आणि दोनच शाळा घेतल्या, तर मुलं हजार असली तरी तुलना दोन शाळांचीच राहते.

आकडे अचानक फार चांगले दिसले तर आधी हजेरीपट पाहा. शाळा सोडणारी, सतत गैरहजर राहणारी मुलं बहुधा जास्त जोखमीची असतात. ती प्रश्नावलीच्या दुसऱ्या फेरीत नसली की सरासरी आपोआप सुधारते.

उत्तरं खोटी वाटतात? वर्गशिक्षक बाकांमधून फिरत असतील तर वाटणारच. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या. यादीत अस्तित्वात नसलेल्या एका पदार्थाचं नाव घाला. त्यावर ‘घेतला’ अशी खूण करणाऱ्यांची बाकी उत्तरंही तपासून घ्या.

परिणाम शून्य आला तर कार्यक्रमाला दोष देण्याआधी दहापैकी किती सत्रं खरंच झाली ते मोजा. परीक्षा जवळ आली की आधी हेच तास जातात.

आणि नुकसानही मोजा. जोखमीतल्या मुलांचाच वेगळा गट केला की ती एकमेकांकडून नको ते शिकतात, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. प्रश्नावलीत त्याची जागा नसेल, तर ते कुठेच दिसणार नाही.