घाट उतरताना ब्रेक पेडल मऊ पडत होतं: माझा अनुभव

खिंडीवरून दगडगोट्यांच्या वाटेने उतरताना पंधरा-वीस मिनिटांत ब्रेकचं पेडल स्पंजासारखं व्हायचं, दोन-तीनदा दाबल्यावर कुठे पकड यायची. खाली थांबून गाडी गार झाली की पेडल पुन्हा घट्ट. पॅड बदलले, डिस्क घासून घेतल्या, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, तरी पुढच्या उतारावर तेच. बायको-मुलं मागे बसलेली असताना पेडल खाली जातं तेव्हा पोटात गोळाच येतो.

कारण ऑइलमध्ये होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान २३०° से., पाणी मुरल्यावर १५५° पर्यंत उतरू शकतो. तापल्यावर वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ पडतं. मी हवा काढताना वर्षभर उघड्या पडलेल्या बाटलीतलंच ऑइल घालत होतो!

आधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं काळपट ऑइल उपसलं, सीलबंद बाटलीतलं डॉट ४ भरलं. मग मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून, नळीतून स्वच्छ फिकट ऑइल येईपर्यंत चारही चाकं ब्लीड केली, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढली. टाकी मध्ये रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते.

दुसरा बदल चालवण्यात. उतार सुरू होण्यापूर्वीच थांबून, न्यूट्रलमध्ये ४-लो (चारही चाकांना ताकद देणारी कमी वेगाची गिअर-श्रेणी), मग पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला. वेग इंजिनच धरतं. वाढलाच तर ब्रेक ठाम दाबून सोडायचा, पाय टेकवून ठेवायचा नाही.

त्यानंतर तीच खिंड दोनदा उतरलो, पेडल शेवटपर्यंत घट्ट.